सैतानाची अहिराणी

वर्गात शिरण्याआधी सर दारात थांबायचे आणि खांदे झटकायचे. आधी उजवा, मग डावा. खडूची धूळ झटकावी तसे, पण तोपर्यंत खडूला हातही लागलेला नसायचा. पहिल्या बाकावरचं कोणीतरी विचारायचंच, "काय झालं सर?" आणि सरांचं उत्तर ठरलेलं, "दोघांना बाहेर बसवून आलो. आता आपण बोलू."

ते दोघे म्हणजे उजव्या खांद्यावरचा देवदूत आणि डाव्या खांद्यावरचा सैतान. सरांचा पीएचडीचा विषयच तो होता: मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातले देवदूत आणि सैतान. ज्या भागात कोणी भेटलं की आधी कापसाचा भाव विचारतात आणि मग तब्येत, तिथे हा माणूस असला विषय घेऊन पाच वर्षं राहिला.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. शिंदखेडा तालुक्यात आहे, एवढं पुरे. सर रावेरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. आमच्याकडे ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने मुलाखत आणि दर एप्रिलमध्ये निरोप. मी कायम, त्यातून वयाने मोठा, म्हणून ते मला 'भाऊ' म्हणायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना जे आवडतं त्याचा आसपासच्या कोणालाच उपयोग नसतो, तरी ती असं सांगत राहतात की जणू कालच शेजारच्या गल्लीत घडलं. "सहाशे वर्षांपूर्वी तिकडच्या गावांत नाटकं कोण करायचं, माहीत आहे?" सर वर्गाला विचारायचे. "खिळे करणारे, कातडी कमावणारे, सुतार, शिंपी. एकेका धंद्याची एकेक गाडी. गाडीवरच नाटक, आणि ती गाडी गल्लोगल्ली ओढत न्यायची. कालपर्यंत तुमचा सदरा शिवणारा माणूस आज देवदूत."

"सर, पेपरला येतं का हे?"

"देवदूत पाच मार्कांना येतो. सैतान दहाला."

की लगेच सगळी पेनं चालायला लागायची.

सर राहायचे मुश्ताकभाईंच्या वर्कशॉपमागच्या खोलीत. मुश्ताकभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. त्यांनाही सरांनी ती गाड्यांची गोष्ट सांगितली. मुश्ताकभाईंनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "और हम लोहेवालों के हिस्से में क्या आता था?"

"नरक का मुँह," सर म्हणाले. "जबडा. उघडता है, बंद होता है, अंदर से धुआँ. उसी में से सैतान बाहर आते हैं."

मुश्ताकभाईंनी खिशातून मापाची टेप काढली. "दाँत कितने लगाने के?"

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ते नाटक खरोखर करायचं ठरलं ते असं. मुश्ताकभाई ट्रॉली आणि जबडा देणार होते. नाटक सरांनी स्वतःच लिहिलं, त्या जुन्या धर्तीवर. एक माणूस मरणाला टेकलाय. देवदूत आणि सैतान दोघेही त्याला न्यायला आलेत. दोघं त्याच्याशी बोलतात, भांडतात, आणि माणसाने ठरवायचं कोणाबरोबर जायचं. बस एवढंच.

सैतान झाली होती कल्याणी. टी. वाय.ची मुलगी, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातून रोज यायची. बाप लहानपणीच गेलेला. काकाने शिकवलं, पण एका अटीवर. ती अट कल्याणीच हसत सांगायची, "एक बोल उना की घर बसानं." म्हणजे कोणी एकदा जरी नाव ठेवलं, की शिक्षण बंद.

पहिल्या तालमीला मी सहज जाऊन बसलो. नाटक पडलं होतं. देवदूत म्हणत होता, "हे मानवा, सन्मार्गाचा अवलंब कर." सैतान म्हणत होता, "हे मानवा, त्याचे ऐकू नकोस." दोघांत फरक एवढाच की सैतानाला शिंगं होती.

"सर," मी म्हटलं, "तुमचा सैतान पुण्याहून आल्यासारखा बोलतो. त्याला इथली अहिराणी बोलू द्या."

सर उठून उभेच राहिले. "तेच तर भाऊ! तिकडेही तसंच होतं. देवदूत प्रवचनासारखे भारदस्त बोलायचे आणि सैतान बाजारातलं बोलायचे. लोक सैतानाला हसायचे, आणि हसता हसता लक्षात यायचं की अरे, हा तर आपल्याच घरातला आहे. तिथेच घाबरायचे. पण माझी बोली वेगळी. तुमची मला ऐकून कळते, लिहिता यायची नाही."

"मी लिहितो," मी म्हणालो.

दोन दिवसांत मी सैतानाची सगळी वाक्यं माझ्या हाताने लिहून कल्याणीला दिली. खोटं कशाला सांगू, इतक्या वर्षांत तसं लिहिल्याचा आनंद मला झाला नव्हता. कल्याणीने कागद हातात घेतले, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मांडी घातली आणि अगदी लाडाने म्हणाली, "ये रे भाऊ, ये. तठे वर तुनं कोन शे? आठे बठ्ठा आपलाच शेतस. तुना मामा आठे, तुना काका आठे, सरपंच बी आठेच शे."

हॉलमधली पोरं हसून लोळली. आणि मग एकदम गप्प झाली, कारण मरणारा माणूस हळूच उठून तिच्यामागे चालायला लागला होता. सरांनी माझा हात घट्ट धरला होता.

फलकावर माझं नाव लिहायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, थांबा. तालुक्यातल्या बोलीभाषा मंडळाचा मी कार्यवाह. अध्यक्ष होते नाना, सत्तरी पार केलेले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अहिराणीसाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं. "आधी नानांना वाचून दाखवतो, मग नाव टाकू," मी म्हटलं. आज दाखवू, उद्या दाखवू असं करत तीन आठवडे गेले.

संमेलन सोमवारी. आदल्या बुधवारी तालमीत कोणीतरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं. त्यात देवदूताचं शुद्ध बोलणं होतं आणि सैतानाची अहिराणी होती, बाकी काहीच नव्हतं. शुक्रवारपर्यंत ते दोंडाईच्यापासून धुळ्यापर्यंत फिरलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'देव शुद्ध बोलणार आणि राक्षस अहिराणी. कॉलेजात आपल्या पोरांना हे शिकवतात.'

शनिवारी सकाळी दहाला फाटकाशी साठ-सत्तर माणसं जमली होती. मैदानात मुश्ताकभाईंचा जबडा अर्धवट रंगवून उभा होता. कोणीतरी त्याला लाथ घातली. पत्र्याचा असा आवाज झाला की वर्गातल्या मुली किंचाळल्या. मी पोर्चमध्ये उभा होतो. गर्दीतले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे. एक जण जवळ येऊन कळवळून म्हणाला, "भाऊ, तुम्ही आठे व्हतात ना? तुम्ही असताना हाई कसं झायं?"

मी म्हटलं, "बघतो."

प्राचार्यांच्या खोलीत दार लावून घेतलं. आत प्राचार्य, सर, मी, नाना आणि नानांबरोबरची दोन माणसं होती. कोपऱ्यात कल्याणी आणि तिचा काका. त्याला कोणीतरी फोन केला होता. तो शेतातून तसाच आला होता आणि त्याने पुतणीचं मनगट धरून ठेवलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात ते कागद होते. प्राचार्यांनी मागितले, तिने टेबलावर ठेवले. घड्या पडलेले, हळदीचा डाग लागलेले, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझं अक्षर.

नाना कागदांवर वाकले. बराच वेळ वाचत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "तिसरीमा व्हतू. 'शे' म्हनं म्हनीसन मास्तरनी माले छडी मारी व्हती. हातवर वळ उठनात. तैपासून मी हाई भाषासाठे भांडी ऱ्हायनू. आनी तुम्ही ती सैतानना तोंडमा घालतस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

प्राचार्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

कल्याणीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. मी आता बोलणार हे ती धरूनच चालली होती. मी टेबलावरच्या काचेखाली सरकवलेलं वेळापत्रक वाचत होतो. सोमवार, पहिला तास, मराठी.

"मी लिहिलं," सर म्हणाले.

नानांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही रावेरकडला ना? तुम्हले अहिराणी कोठे येस? बोली दखाडा."

सरांना घाम आला होता. त्यांनी रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. तीन आठवडे तालमीत ऐकलेलं त्यांना पाठ होतं, पण सूर त्यांचा नव्हता. "ये रे भाऊ, ये. तठे वर..." दोनदा 'शे'च्या जागी 'आहे' आलं. ते थांबले, मागे गेले, परत म्हणाले. नानांबरोबरचा एक जण हसला. दुसरा म्हणाला, "अजून." सर पुढे बोलत राहिले. दहा-बारा वाक्यं झाली. डॉक्टरेट झालेला माणूस, चाळिशीचा, परीक्षा देणाऱ्या पोरासारखा उभा राहून सैतानाचं भाषण म्हणत होता आणि खिडकीबाहेरची माणसं जाळीला नाक लावून बघत होती. ते ज्याने लिहिलं होतं तो मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

आतासुद्धा ते दृश्य आठवलं की माझे कान गरम होतात.

"बस," नाना म्हणाले.

तेवढ्यात कल्याणी बोलली. काकाने मनगट दाबलं तरी बोलली. "नाना, माले देवदूतनं काम देतात तर मी ते बी अहिराणीमाच करतू. माले सैताननं दिधं."

नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि काढलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पण काका उठला होता. "व्हयनं शिक्षण," तो म्हणाला. "चाल घर."

सर त्याच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभे राहिले. आडवे हात वगैरे काही नाही. नुसते उभे. "काका, दोन महिन्यांनी तिची परीक्षा आहे. नाटक होणार नाही. मी लेखी माफी देतो. मी उद्यापासून इथे दिसणारही नाही. पण तिला परीक्षेला बसू द्या. चूक माझी आहे, तिने फक्त सांगितलं ते केलं."

काका नानांकडे बघायला लागला. त्या खोलीत निर्णय नानांचा होता, हे त्यालाही कळलं होतं.

"पोरले परीक्षा देऊ दे," नाना म्हणाले.

सरांनी प्राचार्यांच्याच पेनने माफीनामा लिहिला. नानांच्या माणसाने तो बाहेर जाऊन वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. गर्दी पांगली.

व्हरांड्यात आम्ही दोघेच उरलो. मी म्हणालो, "सर, मी बोलायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले.

मला वाटलं होतं ते 'असू द्या' म्हणतील. त्यांचा स्वभावच तसा होता. पण ते म्हणाले, "भाऊ, राग आला नाही असं मी म्हणणार नाही. मला एप्रिलमध्ये जायचंच होतं, माझं सोडा. पण ती मुलगी तुमच्याकडे बघत होती." आणि ते जिना उतरून गेले. खांदा वगैरे काही झटकला नाही. अंगात ताकदच नसावी.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली. कल्याणी परीक्षेला बसली. पेपर सुरू असताना वर्गात मी पर्यवेक्षक होतो. तिने पुरवणी मागितली तेव्हा मी नेऊन दिली. तिने ती घेतली आणि मान खाली घालून लिहायला लागली. बाकी कोणालाही ती 'थँक्यू सर' म्हणायची.

जुलैत नानांच्या घरी मंडळाची बैठक होती. बाकीचे गेल्यावर मी मागे थांबलो. पावसाने उघडीप दिली होती आणि नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी सरळ सांगून टाकलं. "नाना, ते नाटक मी लिहिलं होतं. सैतानाचं. सरांनी नाही."

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले माहीत शे."

मी उभा होतो तो ओट्याच्या कडेवर बसलो.

"अकरा वरीसपासून मंडळनं इतिवृत्त तू लिखस. तुनं अक्षर मी नही वळखाव?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू बोलना नही म्हनीसन." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "मी तुले टाइम दिधा, मास्तर. त्या बिचाराले उभं करं, बोलाले लावं. म्हनं आते तरी हाऊ उठी. आते तरी उठी. तू उठना नही." मग ते म्हणाले, "त्यानमा माले बी पाप लागनं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण त्याचं काही विशेष नाही. सकाळी मी गाडी पकडली. सरांना फोन लावायचा धीर होत नव्हता, म्हणून कळवलं काहीच नव्हतं. नरडाणा, जळगाव, भुसावळला गाडी बदलून रावेर. तिथून रिक्षाने त्यांचं गाव. दोन्ही बाजूंना केळी, इतकी दाट की रस्ता बोगद्यासारखा वाटावा.

सर नव्हते. त्यांचे थोरले भाऊ होते. बागेतून नुकते आले होते, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. सर महिनाभरापूर्वी गुजरातेत एका शाळेत लागले होते. मी नाव सांगितलं तसे भाऊ घाईघाईने हात धुऊन आले, मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसले.

"तुम्हीच का ते?" ते म्हणाले. "लय नाव घ्यायचा तुमचं. मले म्हने, तिथं एक भाऊ आहेत म्हनून मले करमतं. दादा, तुमच्यासारखाच दुसरा, असं मले म्हने."

मी विचारलं, नोकरी का सोडली ते त्यांनी सांगितलं का.

"म्हने, कंटाळा आला. मानसं लय चांगली होती, म्हने." त्यांनी आत हाक मारली. "अव, ताट वाढा. पाहुने धुळ्याकडून आले."

ताट आलं. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. मी हात लावला नाही. मी सगळं सांगितलं. कागद कोणाचे, अक्षर कोणाचं, कोण उभं राहिलं आणि कोण बसून राहिलं. सांगताना मी मधे कुठे स्वतःला सोडवत नाही ना, यावर लक्ष ठेवून होतो. एकदोनदा सोडवलंच असेल.

सांगून झालं तेव्हा भाऊ अंगणातल्या एका कोंबडीकडे बघत होते. फोन काढून म्हणाले, "लावू का त्याले?"

"नको," मी म्हटलं. "मी लावीन."

त्यांनी फोन परत ठेवला. "जेवा. भाकर कडक होईन."

मी जेवलो. ते समोर बसून राहिले, मला काही लागतं का ते बघत. दोनदा भरीत वाढलं. हात धुतल्यावर मी निघतो म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "एक विचारू? तिथून निघाला तवा त्याले गाडीवर बसवाले कोन आलं होतं?"

सर गेले त्या दिवशी मला सकाळी दोनच तास होते. गाडी बाराची होती, हे मला माहीत होतं. मी स्टाफरूममध्ये बसून पेपर तपासत होतो.

"कोणी नाही," मी म्हणालो.

भाऊंनी मान हलवली. खुंटीवरची टोपी घेतली, दाराजवळच्या चपलांत पाय घातले आणि अंगणात जाऊन मोटारसायकल फिरवून उभी केली.

"बसा," ते म्हणाले. "स्टेशनावर सोडतो तुम्हाले."

गाडीला पाऊण तास उशीर होता. मी त्यांना चारदा जा म्हटलं. ते गेले नाहीत. गाडी आली तेव्हा खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरले, आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर माझ्या खिडकीसमोर उभे राहिले.